स्पीकर पारखायला कोणती ध्वनिमुद्रणं लावावीत?

पाऊलवाट
मित्राने आठ दिवसांसाठी स्पीकरच्या दोन जोड्या घरी आणून ठेवल्या आहेत. एक छोटी, स्टँडवर ठेवायची, पाच इंची वूफरवाली (वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा पडदा). दुसरी कमरेएवढी उंच, जमिनीवर उभी राहणारी. हवी ती ठेवून घे, उरलेली मी परत नेतो, असं तो म्हणाला आहे. अ‍ॅम्प जुनाच आहे, तो बदलायचा नाही.

दोन संध्याकाळी आवडीची गाणी लावून बसलो. फजिती अशी की तिसऱ्या मिनिटाला मी गाण्यात शिरतो आणि स्पीकर ऐकायचं विसरून जातो. गाणं संपलं की दोन्ही बरेच वाटतात. माहितीपत्रकातले आकडे वाचून झाले, त्यातून काही कळलं नाही. तर प्रश्न एवढाच: परीक्षेला काय लावू? आणि त्यात नेमकं काय ऐकू?

मधली_सुट्टी
सोप्पं आहे. एक झकास गिटार, एक बाईचा मखमली आवाज, एक ड्रम सोलो आणि शेवटी चायकॉव्हस्कीचं १८१२ ओव्हर्चर. त्यातही टेलार्क कंपनीचं १९७८ साली सिनसिनाटीला मुद्रित केलेलं. त्यातल्या तोफा खऱ्या आहेत! तोफा झेपल्या तर स्पीकर पास.

वायरमन
तोफांच्या वेळी आवाजाचं बटण कुठे आहे ते आधी बघा. त्या रेकॉर्डवर ग्राहकांसाठी सावधगिरीची सूचना छापलेली होती, ती उगीच नव्हती. तोफेच्या अगोदरचं संगीत हळू असतं, म्हणून माणूस आवाज वाढवून ठेवतो आणि मग वूफर जागेवरून बाहेर येतो.

कानसेन
मधली_सुट्टी यांची यादी पाहुण्यांना थक्क करायला उत्तम आहे. पारखायला मात्र जवळजवळ निरुपयोगी. दुकानात लावतात ती ‘शोकेस’ ध्वनिमुद्रणं याच गुणासाठी निवडलेली असतात की ती कुठल्याही स्पीकरवर छान वाजावीत. एकटी गिटार, तिच्याभोवती भरपूर मोकळी जागा, वर थोडा चकचकीतपणा. ती वाईट वाजणं कठीण. आपल्याला नेमकं उलटं हवं: दोन स्पीकरमधला फरक उघडा पाडणारं मुद्रण. मग ते ऐकायला थोडं कंटाळवाणं असलं तरी चालेल.

यावर रीतसर काम झालेलं आहे. स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह या संशोधकाने नव्वदच्या दशकात श्रोत्यांना वेगवेगळी मुद्रणं ऐकवून पाहिलं, की कोणत्या तुकड्यावर त्यांना स्पीकरच्या सुरातला बिघाड अचूक ओळखता येतो. सगळ्यात वर आला पिंक नॉइज, म्हणजे नुसता खळखळाट. त्याच्या खालोखाल ट्रेसी चॅपमनचं १९८८ सालचं ‘फास्ट कार’. एकटं वाद्य, नुसतं बोलणं ही मंडळी तळाला. कारण सरळ आहे. ज्या पट्टीत मुद्रणात काही नाहीच, त्या पट्टीत स्पीकर काय दिवे लावतो ते कळणार कसं? खालपासून वरपर्यंत सगळं भरलेलं असेल तर कुठेही फुगवटा किंवा खड्डा असला की कानाला लागतो.

म्हणून पहिला नियम: एकाच वेळी ठळक बेस, मधोमध एक माणसाचा गळा आणि वर सतत वाजणारं काहीतरी असलेलं मुद्रण घ्या. तालवाद्य सतत असेल तर फारच उत्तम.

दुसरं, आणि हे गाण्याच्या निवडीपेक्षाही मोठं आहे: दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घ्या. उंच स्पीकर बहुतेक वेळा त्याच बटणावर दोन-तीन डेसिबल मोठे वाजतात आणि माणसाला मोठा आवाज ‘चांगला’ वाटतो. तो मोठा आहे असं वाटतच नाही, भरदार वाटतो, स्पष्ट वाटतो. पिंक नॉइज लावा, फोनमधलं ध्वनिपातळी मोजणारं अ‍ॅप बसण्याच्या जागी ठेवा आणि अर्ध्या डेसिबलपर्यंत जुळवा. फोनचा आकडा खरा नसला तरी चालतो, दोन्हींना फूटपट्टी एकच आहे.

शंकेखोर
म्हणजे संगीताची आवड म्हणून स्पीकर घ्यायचे आणि निवडताना गळक्या नळाचा आवाज ऐकायचा?

कानसेन
दोन मिनिटं फक्त. नळ एका स्पीकरवर ‘श्श्श’ आणि दुसऱ्यावर ‘ख्ख्ख’ वाजला, तर दोघांपैकी निदान एक जण प्रत्येक गाण्यात स्वतःची भर घालतो आहे. ही अक्षरं ऐकायला शिका. ‘ऊ’कडे झुकलेला आवाज म्हणजे खालच्या मध्यात फुगवटा, ‘आँ’सारखा नाकातला म्हणजे हजार हर्ट्झच्या आसपास गडबड, ‘स्स’ म्हणजे ट्वीटर, वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा, चढा.

जवारी
नॉइज नको असेल त्यांच्यासाठी: तानपुरा लावा. थट्टा नाही. ख्याल गायनाच्या कुठल्याही चांगल्या मुद्रणात गायक सुरू होण्याआधी अर्धा मिनिट नुसता तानपुरा असतो. मी वीस वर्षं तेवढ्यावर स्पीकर पारखतो.

त्याचं असं आहे. घोडीवर तार सपाट टेकत नाही, घोडीच्या उतरत्या माथ्यावर, म्हणजे जवारीवर, घासत झणझणते. त्यातून स्वरांशांची, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या सुरांची, अख्खी रांग उठते आणि ती एका जागी थांबत नाही. तार छेडल्यावर सुरात एक झोत सरकताना ऐकू येतो. दोन पडद्यांच्या स्पीकरमध्ये वूफर आणि ट्वीटरचा सांधा साधारण दोन ते तीन हजार हर्ट्झला असतो. स्वरांशांचा हा झोत त्या सांध्यावरूनच जातो. सांधा नीट नसेल तर झोत मध्येच ठेचकाळतो, एका ठिकाणी एकदम चमकतो किंवा विझतो. खळखळाटात हे मला कधी कळलं नसतं.

आणखी एक परीक्षा. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या, तारेत स्वयंभू गंधार, न छेडता आपोआप उठणारा ग, ऐकू येतो ना, तो पाचवा स्वरांश. बऱ्या स्पीकरवर तो विचार न करता सापडतो. गढूळ स्पीकरवर कान लावून शोधावा लागतो. सर रामन यांनी १९२१ साली या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला होता, तोही याच चमत्काराबद्दल.

एकच पथ्य: खरा तानपुरा हवा. पुष्कळ मुद्रणांत इलेक्ट्रॉनिक डबा वाजत असतो. तो आधीच एका छोट्या स्पीकरमधून बाहेर आलेला आवाज, त्यावरून दुसरा स्पीकर काय पारखणार! गायक आल्यावर तानपुरा कुठे जातो तेही ऐका. त्याने गायकाच्या मागे उभं राहावं, गायकात विरघळू नये.

खर्जाच्या तारेवरून बेसचीही परीक्षा होते हे ओघाने आलंच.

खटका
जवारी, बाकी सगळं मान्य, शेवटची ओळ नाही. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला लावलेल्या) तानपुऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. पण तिचा मूळ स्वर क्षीण असतो, जोर सगळा वरच्या स्वरांशांत. मूळ स्वर कापून टाकला तरी १३८, २०८, २७७ हे वरचे स्वरांश शिल्लक असतात आणि मेंदू त्यांच्यातलं अंतर मोजून खर्ज स्वतः तयार करतो. म्हणून तर तळहाताएवढ्या रेडिओवर खर्ज ‘ऐकू’ येतो. तानपुरा बेसच्या परीक्षेला बसवला तर सगळेच स्पीकर उत्तीर्ण होतील.

बेससाठी बायाँ, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डग्गा, लावा. विलंबित ठेक्यातला ‘घे’, मनगटाने दाबत वर नेलेला. तो एकसंध घसरत जायला हवा. घसरताना मध्येच एका जागी ‘घूं’ करून फुगला तर तो तुमच्या खोलीचा दोष आहे. किंवा डबल बेस, किंवा बेस गिटार, पायरी-पायरीने खाली उतरणारी. तिची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झ. प्रत्येक पायरी सारख्या वजनाची वाटली पाहिजे. एकच पायरी ढोल आणि शेजारची गायब असं झालं तर स्पीकरला शिव्या देण्याआधी खोली मोजा. ३४३ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा: चार मीटर लांबीला ४३ हर्ट्झ निघतात. भिंतीला पाठ टेकून बसलात तर तो स्वर फुगेल, बरोबर मध्यावर बसलात तर गायब होईल. खालच्या दोन सप्तकांत तुम्ही स्पीकर कमी आणि खोली जास्त ऐकत असता.

जवारी
हरलो. वीस वर्षं मी खर्ज स्वतःच्या डोक्यात वाजवत होतो तर!

पाऊलवाट
पहिला अहवाल. आवाज जुळवले. उंच जोडी खरंच जवळपास तीन डेसिबल मोठी निघाली. मग दोन्ही जोड्या आलटून पालटून लावल्या.

उंच जोडीचा पसारा भव्य आहे. गायिका एका जागी नाही, सगळ्या खोलीत आहे. डोळे मिटले तर स्पीकर कुठे आहेत सांगता येत नाही. छोट्या जोडीत ती बिचारी मधोमध एका ठिपक्यात उभी. आश्चर्य एकच: बेस छोट्या जोडीत जास्त वाटतो. जमिनीवरचे स्पीकर बेसला कमी कसे?

मधली_सुट्टी
बघा! टॉवरची बातच न्यारी. पसारा म्हणतात तो हाच. बेस ‘कमी’ नाही, तो ‘आवरलेला’ आहे. काही दिवसांनी सवय होईल.

शंकेखोर
सवय कोणाला होणार, स्पीकरला की कानाला?

वायरमन
पाऊलवाट, एक काम करा. उंच जोडीच्या मागे जाऊन तारा बघा. एका बाजूला लाल-काळी उलटी जोडली असणार. एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, मग मधला आवाज विरतो आणि बेस एकमेकांना खाऊन टाकतो. बघायची खूण: मुद्रण मोनो करा, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज, किंवा रेडिओवरचं साधं बोलणं लावा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, मुठीएवढ्या जागेतून आला पाहिजे.

पाऊलवाट
... डावीकडची उलटी होती. मीच जोडली होती. भव्य पसाऱ्याबद्दल लिहिलेला प्रतिसाद संपादित करता येतो का इथे?

मधली_सुट्टी
माझाही करा बरोबरच.

कानसेन
राहू द्या, पुढच्या वाचणाऱ्याला उपयोगी आहे. आणि यावरून आठवलं, आधीच सांगायला हवं होतं. पहिली फेरी एकाच स्पीकरवर घ्या. प्रत्येक जोडीतला एकेक, दोन्ही एकमेकांशेजारी, मुद्रण मोनो करून. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूलच्या प्रयोगांत हे वारंवार दिसलं: एकच स्पीकर ऐकताना श्रोते दोष जास्त कडकपणे पकडतात. दोन लावले की स्टीरिओची जादू सुरू होते आणि दोष झाकले जातात. मोनोत जो जिंकतो, तो स्टीरिओत सहसा हरत नाही. पसारा, आवाजातलं पुढे-मागेपण, वाद्यांच्या जागा हे सगळं दुसऱ्या फेरीत. त्या फेरीत तुमच्या त्या ठिपक्याला नावं ठेवू नका, मधला गळा नेमका मध्ये असणं हीच स्टीरिओची पहिली कसोटी.

शंकेखोर
मला एक मूलभूत अडचण आहे. स्टुडिओत मुद्रण ज्याने घडवलं, त्याने ते त्याच्या स्पीकरवर ऐकून घडवलं. त्याच्या स्पीकरमध्ये ट्रेबल कमी असेल तर त्याने मुद्रणात वाढवला असेल. आता माझ्याकडे ते टोचतं. दोष मुद्रणाचा की स्पीकरचा? कशावरून ठरवायचं?

कानसेन
याला टूलनेच ‘गोंधळाचं वर्तुळ’ असं नाव दिलं आहे. स्पीकर मुद्रणाने पारखायचे, आणि मुद्रण पारखायचं स्पीकरने. यामाहाचा पांढऱ्या पडद्याचा एनएस-१० हा स्पीकर कित्येक स्टुडिओंत टेबलावर असायचा आणि तो मुळीच सपाट सुराचा नव्हता. वर्तुळ पूर्ण तुटत नाही, पण सैल करता येतं. एका गाण्यावर निकाल देऊ नका. वेगवेगळ्या स्टुडिओंतली, वेगवेगळ्या काळातली आठ-दहा मुद्रणं घ्या. एकाच गाण्यात ‘स’ टोचला तर गाण्याचा दोष. दहांपैकी आठांत टोचला तर स्पीकरचा.

टीपकागद
वाचनमात्र होतो, पण इथे राहवत नाही. ऑलिव्हच्या यादीत बोलणं तळाला आलं असेल, पण बीबीसीच्या संशोधन विभागात स्पीकर तयार करताना बोलण्यावरच भर होता. माणूस स्टुडिओत बोलतोय, त्याचा आवाज शेजारच्या खोलीत स्पीकरवर येतोय, आणि अभियंता दार उघडून दोन्ही ताडून बघतोय. सत्तरच्या दशकातला त्यांचा एलएस३/५ए हा इवलासा स्पीकर आजही गळ्यासाठी नावाजला जातो.

बोलण्याचा फायदा असा की मूळ आवाज आपल्याला माहीत असतो. डबल बेस खोलीत ऐकलेले किती जण आहेत? घरच्या माणसाचा आवाज मात्र रोज कानावर पडतो. एकाला बाहेर मोकळ्यावर उभं करून दोन मिनिटं वाचून घ्या, भिंतींचा घुमारा नको. बऱ्या रेकॉर्डरवर, आवाजाचे चढउतार दाबून सपाट न करता. फोनवर केलंत तर आवाज ‘सुधारणारी’ सगळी सोंगं बंद करा.

वाचायला द्यायचं वाक्यही विचारपूर्वक निवडा. मराठीला निसर्गाने एक परीक्षा फुकट दिली आहे: ‘चाक’मधला च आणि ‘चंद्र’मधला च. दोघांतला फरक बराचसा वरच्या पट्टीतल्या सळसळीत आहे. मंद ट्वीटरवर दोन्ही च एकमेकांजवळ सरकतात, चढ्या ट्वीटरवर ‘चाक’मधला च थुंकल्यासारखा येतो. पुरुषाचा आवाज असेल तर छातीतला घुमारा ऐका. माणूस पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटलं तर स्पीकरचा खोका बोलतोय.

कानसेन
विरोध नाही यात. बोलणं अरुंद पट्टीतलं, म्हणून ते सगळे दोष दाखवत नाही. पण त्या पट्टीत ते निर्दय आहे. दोन्ही ठेवावं. ‘चाक-चंद्र’ मी उचलली, साभार.

खटका
जुन्या मुद्रणांचं काय? माझ्या यादीत दोन ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत. १९२५ नंतर मायक्रोफोनने घेतलेल्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या. खाली काही नाही, वर काही नाही, फक्त गळा.

शंकेखोर
त्यातून स्पीकरचं काय कळणार? खरखर?

खटका
हो, खरखरच! बऱ्या स्पीकरवर खरखर एका बाजूला पडते, तिचा एक पातळ पडदा होतो आणि गायक त्याच्या मागे स्वतंत्र गातो. ट्वीटरमध्ये एखादं टोक असेल तर खरखरीचा प्रत्येक कण चटका देतो आणि ती गळ्याला चिकटते. शिवाय तुम्ही पुढची दहा वर्षं काय ऐकणार आहात? तुमच्या संग्रहात निम्मी गाणी जुनी असतील आणि नवे स्पीकर ती ऐकू देत नसतील, तर त्या स्पीकरचं काय लोणचं घालायचं?

नव्या वाईट मुद्रणांचंही तेच. दाबून दाबून सपाट केलेली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोरात ओरडणारी गाणी असतात ना, त्यातलं एक ठेवाच. दहा मिनिटांत डोकं उठलं तर नोंद करा.

जवारी
यावर एक सावधगिरी. ‘तेच गाणं’ म्हणजे नेहमी तेच नसतं. मूळ सीडी आणि वीस वर्षांनी ‘रीमास्टर’ केलेली यांत आवाजाची पातळी, बेस, सगळं वेगळं असतं. स्ट्रीमिंगवर कोणती आवृत्ती हाती लागेल सांगता येत नाही. एकच फाइल ठेवा, तीच सगळीकडे न्या.

मधली_सुट्टी
एमपी३ चालेल का? की त्याने नाक कापलं जाईल?

कानसेन
वरच्या दर्जाची असेल तर स्पीकर पारखायला बहुधा फरक पडणार नाही. १२८ किलोबिटची नको, ती साधारण १६ हजार हर्ट्झच्या वर सगळं छाटते आणि चिपळ्या, टाळ, कॅस्टनेट यांचा ठोका सारवल्यासारखा होतो. गंमत म्हणजे एमपी३ घडवताना कार्लहाइन्झ ब्रँडनबर्गने सुझॅन व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ वारंवार लावून पाहिलं होतं. साथीशिवाय एकटा गळा, सुरुवातीला तोच सगळ्यात वाईट वाजायचा. म्हणजे एकटा गळा एमपी३च्या परीक्षेला कठीण, आणि स्पीकरच्या परीक्षेला सोपा. प्रश्न बदलला की प्रश्नपत्रिका बदलते. तयार संच हवा असेल तर युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची स्क्वॅम नावाची तबकडी आहे, १९८८ सालची. एकेक वाद्य, गळे, बोलणं असे सत्तर तुकडे. ऐकायला रुक्ष, कामाला चोख.

पाऊलवाट
दुसरा अहवाल, उशिरा. तारा सरळ आहेत, दोनदा तपासल्या.

पिंक नॉइजवर छोटा ‘श’, उंच किंचित ‘स’. मुलीला वाचायला लावलं. ‘चाक’वर उंच स्पीकर थुंकतो, अगदी टीपकागद म्हणाले तसा. आधी वाटलं, वाचून मनाने घेतलं असेल. म्हणून स्पीकरसमोर पातळ चादर टांगली आणि मुलगी आतून नाणं उडवून तारा बदलत होती.

कानसेन
हे फार चांगलं केलंत. टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ साली हेच दाखवलं: स्पीकर दिसत असताना दिलेले गुण आणि न दिसताना दिलेले गुण जुळत नाहीत. अनुभवी श्रोतेसुद्धा आकाराला, दिमाखाला भुलतात.

पाऊलवाट
भुललो होतोच. चादरीआडून दहा वेळा गळ्यासाठी ‘कोणता बरा’ लिहिलं, त्यात सात वेळा छोटा. तानपुऱ्यावर फरक कमी वाटला, पण स्वयंभू गंधार छोट्यावर लवकर सापडतो. मोठ्या गर्दीच्या वाद्यवृंदावर मात्र उंच स्पीकर सरळ जिंकला, तिथे छोटा धापा टाकतो.

मग बेस. माझी खोली चार मीटर. बेस गिटारच्या उतरत्या पायऱ्यांत खालच्या ‘एफ’वर उंच जोडीने कपाटाची काच वाजवली. खटकांच्या भागाकाराप्रमाणे ४३, आणि तो स्वर ४३.६. खुर्ची भिंतीपासून हात-दीड हात पुढे घेतली तर निम्मं कमी झालं, पण पूर्ण नाही. छोटी जोडी तिथवर उतरतच नाही, म्हणून भांडणही नाही. ७८ फेऱ्यांची एक तबकडीही लावली. एकच लिहितो, आईला बोलावून आणलं आणि ती उठायला तयार नव्हती. छोट्यावर.

छोटी ठेवतोय. वाद्यवृंद ऐकायला मित्राकडे जाईन, त्याची खोली मोठी आहे.

खटका
खुर्ची अजून थोडी पुढे घेऊन बघा, आणि स्पीकरही भिंतीपासून. छोट्यांनाही मागची भिंत बेस चिकटवते.

मधली_सुट्टी
सगळं ठीक. तोफा लावल्या का?

पाऊलवाट
नाही. मोठे अजून मित्राचे आहेत.